बत्तीस मालक आणि एक म्हैस

आमच्या अंबडच्या वाड्याला कागदोपत्री बत्तीस मालक आहेत आणि प्रत्यक्षात तिथे एक म्हैस राहते. म्हैस आमची नाही, शेजारच्या मावशींची आहे. मालकांपैकी काही पुण्यात, काही संभाजीनगरात, दोघं बंगळूरला, एक न्यू जर्सीत आणि चार-पाच जण वैकुंठात. या शेवटच्यांची नावं अजून कमी व्हायची आहेत, आणि व्यवहाराच्या दृष्टीने तेच सगळ्यांत अवघड. जिवंत वारसाला चहा पाजता येतो, हात जोडता येतात, गेलाबाजार त्याच्याशी भांडता तरी येतं.

असा हा वाडा पुन्हा नांदता करायचं मी मनावर घेतलं. मी म्हणजे आयुष्यभर खतावणीत आकडे उतरवून निवृत्त झालेला, घरातला फ्यूज उडाला तर शेजारच्या मुलाला हाक मारणारा इसम.

याला कारण इटली. निवृत्त माणसाच्या दुपारी फार लांब असतात. अशाच एका दुपारी मोबाइलवर सिसिलीतली दगडी घरं दिसली आणि खाली किंमत: एक युरो. तिथल्या सालेमी गावात १९६८ च्या भूकंपानंतर ओस पडलेली घरं एक युरोला देऊन टाकायची कल्पना २००८ साली महापौर व्हित्तोरिओ स्गार्बी यांनी काढली होती. मग मुस्सोमेली, सांबुका अशा डोंगरावरच्या गावांनी ती उचलली, आणि २०१९ साली सांबुकाची बातमी जगभर झाली. मी लगेच युरोचा भाव पाहिला. तेव्हा नव्वदच्या आसपास. एवढ्या पैशांत अंबडच्या बसस्टँडवर चौघांची भजी होत नाहीत. घर घेणाऱ्याने पाच हजार युरोंच्या आसपास अनामत ठेवायची आणि तीन वर्षांत स्वखर्चाने घर उभं करायचं, नाहीतर अनामत बुडाली, हा बारीक अक्षरातला भाग मी वाचला नाही. नोकरीत चाळीस वर्षं लोकांना बारीक अक्षरं दाखवण्यात गेल्यामुळे असेल.

पण माझं डोकं खरं फिरवलं ते सांतो स्तेफानो दि सेस्सानियो या गावाने. आब्रुत्सोच्या डोंगरात साडेबाराशे मीटर उंचीवरचं मध्ययुगीन गाव. माणसं कामधंद्यासाठी निघून गेली, शंभरेक म्हातारी उरली. दानिएले किलग्रेन नावाचा अर्धा स्वीडिश, अर्धा इटालियन गृहस्थ १९९९ साली मोटारसायकलवरून भटकत तिथे पोचला, गावावर भाळला आणि पडकी घरं एकेक करून विकत घेत सुटला. त्याने त्यांचं हॉटेल केलं. एका घरात स्वागतकक्ष, गल्ली ओलांडून दुसऱ्या घरात खोली, जेवायला तिसऱ्याच घरात. ही पद्धत इटलीत १९७६ च्या फ्रिऊलीच्या भूकंपानंतर निघाली होती. किलग्रेनने भिंतींवरची चुलीची काजळीसुद्धा पुसली नाही, आणि त्या काजळीच्या खोलीत झोपायला लोक रात्रीचे शेकडो युरो मोजतात.

काजळी! आमच्या माजघरात चार पिढ्यांची काजळी आहे.

मी त्याच संध्याकाळी वहीत अंबडची जमेची बाजू मांडली. माशाच्या आकाराच्या टेकडीवर मत्स्योदरी देवी, म्हणजे महाकाली, महालक्ष्मी, महासरस्वती तिघी एकाच ठिकाणी. होळकरांचा वारसा, अहिल्याबाईंचं नाव, दगडी पुष्करणी बारव. समर्थ रामदासांचं जांब तासाभराच्या आत. मोसंबी. आमचा वाडा आडव्या गल्लीत, जुन्या वस्तीच्या चढावर. म्हणजे ओढूनताणून का होईना, डोंगरमाथ्यावर. पानाच्या वर मी ‘आब्रुत्सो – अंबड’ असं लिहून दोनदा अधोरेखित केलं.

बायकोने वही वाचली. म्हणाली, “अहो, बाल्कनीतली तुळस तुमच्या भरवशावर ठेवून मी आठ दिवस माहेरी गेले होते. आठवतं ना?”

मी विषय बदलला.

भाऊकीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर, जिथे सूर्योदय आणि सुविचार याशिवाय काही येत नाही, मी इटलीच्या फोटोंसह लांबलचक निवेदन टाकलं. तासाभरात अंगठे, हात जोडलेले, फुलं. न्यू जर्सीच्या पुतण्याने ‘ग्रेट इनिशिएटिव्ह काका’ असं लिहून स्वतःचं काम संपवलं. पुण्याच्या चुलतभावाने एवढंच विचारलं, “गिऱ्हाईक लागलंय का?” आणि थोरल्या वहिनींचा स्वतंत्र फोन आला, “भावजी, तुमच्या मनात नेमकं काय आहे ते आधी आम्हाला सांगा.” माझ्या मनात नेमकं किलग्रेन होता. तो वहिनींना कसा सांगायचा?

मग मी वाडा पाहायला गेलो. जुनी माणसं ज्याला ढाळज म्हणायची, म्हणजे दरवाजातून आत शिरताना दोन्ही हातांना बसायचे कट्टे असलेली देवडी, तिथे पणजोबा वसुलाचे हिशेब ऐकत बसत असं घरात सांगितलं जाई. त्या जागी म्हैस रवंथ करत होती. तिने माझ्याकडे पाहिलं. मला जरा अदबीने उभं राहावंसं वाटलं.

“कोण पायजे?” मागून मावशी आल्या.

“हा आमचा वाडा आहे,” मी म्हणालो.

“असं का?” मावशी अजिबात न दचकता म्हणाल्या. “मग येत जावा की मधूनमधून.”

मावशींनीच मला माझा वाडा दाखवला. पश्चिमेची भिंत पिंपळाने फोडली होती. देवघराच्या कोनाड्यात मधमाश्या. परसात वेडी बाभूळ. सागवानी खांब मात्र शाबूत, तुळयाही बऱ्याच. एक अख्खी खोली वरचं माळवद, म्हणजे मातीचं छप्पर, घेऊन खाली बसली होती, त्यामुळे विखुरलेलं हॉटेल करायला आम्हाला फार कष्ट पडले नसते. वाडा आपल्या आपण विखुरला होता. “म्हैस हाय म्हून दारं-खिडक्या तरी ऱ्हायल्यात,” मावशी म्हणाल्या. “न्हाईतर कवाच उचलून नेल्या असत्या.” मी भाडं मागायच्या विचाराने गेलो होतो. परत येताना राखणीचे पैसे आपणच द्यायचे राहिलेत की काय, अशी शंका घेऊन आलो.

आता संमतीपत्रं. बत्तीस सह्या. सुरुवात सगळ्यांत सोप्या सहीपासून करावी म्हणून आत्यांकडे गेलो. आत्या ऐंशीच्या पुढच्या. कान गेले आहेत, कायदा मात्र सगळा ऐकू येतो. मी पेढे ठेवले, पाया पडलो, कागद पुढे केला. आत्यांनी चष्मा लावून कागद वाचला, मागून पुढून पाहिला आणि मला हिंदू वारसा कायदा शिकवायला सुरुवात केली. १९५६ ला वडिलांच्या वाट्यात मुलीचा वाटा आला. १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना मुलांच्या बरोबरीने बसवलं, पण आधी लग्न होऊन गेलेल्यांना बाहेर ठेवून. “म्हणजे मला.” २००५ ला दिल्लीने ती अट काढली. आणि २०२० ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की बाप तेव्हा जिवंत होता की नव्हता, याने फरक पडत नाही. एवढी तारीखवार माहिती मला आमच्या वकिलांकडूनही मिळाली नव्हती.

“मग आत्या, तुम्हाला हिस्सा पाहिजे?”

“मला काय करायचाय? त्या ढिगाऱ्यात मी जाऊ राहायला?”

“मग सही करा.”

“सही नाही करणार.”

“का पण?”

“सही केली की मला कोण विचारायला येणार रे?” आत्या शांतपणे म्हणाल्या. “आज पेढे घेऊन आलास. मागच्या वेळी कधी आलतास?”

मी पेढ्याच्या खोक्याकडे पाहत राहिलो. पुढे आणखी पंधरा-वीस दारं झिजवल्यावर कळलं की आत्यांनी जे तोंडाने सांगितलं ते बाकीच्यांनी निरनिराळ्या सबबींत गुंडाळलं होतं. कोणाला वाडा नको होता. विकायलाही फारशी कोणाची घाई नव्हती, वाटेला येणारी रक्कम एका मोबाइलपुरती होती. पण तो चवलीभर हिस्सा गेला की अंबडला आपलं म्हणून काही उरणार नाही, हे प्रत्येकाच्या पोटात होतं. बंगळूरचा भाऊ त्याच्या मुलांना ‘आपला वाडा आहे गावाकडे’ असं सांगतो. मुलांनी तो पाहिलेला नाही, आणि पाहू नये अशीच त्याची इच्छा आहे.

इटलीतही हेच दुखणं आहे, हे मी तोवर शोधून काढलं. तिथल्या गावांचे वारस अर्जेंटिनात आणि अमेरिकेत, एकेका पडक्या घराला दहा-बारा धनी, आणि त्यांना हुडकता हुडकता नगरपालिका टेकीला येतात. किलग्रेनचं खरं भाग्य मला तेव्हा समजलं. तो त्या गावात कोणाचाच पुतण्या नव्हता.

सह्या होतील तेव्हा होतील, निदान डागडुजी सुरू करू म्हणून मी माळवदाचं काम येणारे जुने मिस्तरी शोधले. सत्तरी ओलांडलेला माणूस. वाड्यात शिरल्या शिरल्या त्यांनी एका खांबावर हात थापटला आणि म्हणाले, “लाकूड झकास हाय. माणसंच लवकर किडली.”

माळवद कसं होतं ते त्यांनी सांगितलं, आणि मी वहीत उतरवून घेतलं. खांबांवर तुळया, तुळयांवर कड्या, कड्यांवर बारक्या काटक्यांचा दाट थर, वाळवी लागू नये म्हणून लिंबाचा पाला, त्यावर चिखल आणि वर हात-दीड हात पांढरी माती. दरवर्षी मृगाच्या आधी पांढरीचा नवा हात द्यायचा. उन्हाळ्यात खाली गार, थंडीत ऊबदार. पाऊस लागला की माती फुगून आपली भोकं आपण बुजवते. काळ्या मातीला हे जमत नाही, ती तडकते.

“मग पांढरी आणू या,” मी उत्साहाने म्हणालो. “कुठे मिळते?”

“गढीची असती.”

“गढी कुठे आहे?”

मिस्तरींनी वर बोट केलं. “ही काय. अन् समूरच्या घरावर. अन् त्याच्या मागच्या.”

पांढरी म्हणजे जुन्या वस्तीची माती. शेकडो वर्षं चुलीची राख, पडक्या भिंती, शेणमाती एकावर एक बसून झालेली टेकाडं. मराठवाड्यात माणसाने घर बांधलं ते आधीच्या गावाची माती डोक्यावर घेऊन. तेर, पैठण इथली सातवाहन काळची टेकाडं अशीच घरांवर आणि शेतांत गेली. तेरला रामलिंगप्पा लामतुरे यांनी लोकांच्या फावड्याखालून निघालेले मणी, नाणी, मातीच्या मूर्ती गोळा करून ठेवल्या म्हणून तिथलं वस्तुसंग्रहालय तरी उभं राहिलं. म्हणजे जुनं गाव वाचवायला मला आणखी एक जुनं गाव खणावं लागणार होतं. ही अडचण वहीत कुठल्या रकान्यात घालावी ते सुचेना.

“मिस्तरी, तुमचं घर माळवदाचंच असेल ना?”

“न्हाई. स्लॅब हाय. सळई जालन्याची.”

मी जरा दुखावलो. एवढा जाणता कारागीर! मिस्तरींनी विडी विझवली. “१९९३ ला किल्लारीला लोक गणपती बुडवून येऊन झोपले व्हते. पहाटं चारच्या आत सगळं बसलं. आमच्या नात्यातला एक गवंडी मदतीला गेलता तिकडं. आल्यावर म्हणला, माळवद न्हाई ते, वरची कबर हाय. पुढच्या उन्हाळ्यात म्या माझं माळवद उतरवलं.”

३० सप्टेंबर १९९३. जवळपास आठ हजार माणसं गेली. भूकंप तसा जगातल्या मोठ्यांत मोडणारा नव्हता. गोल दगड मातीत रचलेल्या रुंद भिंती, दोन बाजू एकमेकींना बांधणारे लांब दगड मध्ये नाहीत, आणि वर टनावारी माती. भिंत पोटातून फुटली की छप्पर सरळ झोपलेल्या माणसावर. त्यानंतर मराठवाड्यात ज्याला ज्याला जमलं त्याने पत्रा घातला किंवा स्लॅब टाकला. तेव्हा जुन्या वस्त्या ओस पडण्यामागे नुसती शहराची ओढ नव्हती. लोक त्या छपराखाली झोपायला भ्याले होते. योगायोग असा की त्याच १९९३ साली इटलीतल्या मातेराची गुहाघरं जागतिक वारसा यादीत गेली. ज्या घरांतून १९५२ च्या कायद्याने हजारो माणसांना दारिद्र्य आणि रोगराईपायी बाहेर काढलं होतं, ती. आणि किलग्रेनच्या गावाचा मध्ययुगीन बुरूज? २००९ च्या लाक्विलाच्या भूकंपात तोही कोसळला. तो पुन्हा बांधला म्हणा. तिथल्या बुरुजात कोणाची आजी झोपत नव्हती.

एवढं ऐकल्यावर शहाणा माणूस घरी गेला असता. मी चुना आणायला गेलो.

सिमेंट वापरायचं नाही, हे मी किलग्रेनकडून घेतलं होतं. चुन्यात गूळ, बेलफळाचा गर, उडदाचं पाणी, ताग असं जुन्या बांधकामात घालत, हे व्हिडिओवरून. कळीचा चुना विझवायला मी घरून बायकोचा नवाकोरा प्लास्टिकचा टब नेला होता. चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, हे शाळेत शिकलो होतो. पण शाळेत टब नव्हता. बुडखा वितळून चुना ओसरीभर झाला. गुळाची ढेप शिल्लक होती, तिला दुसऱ्या दिवशी मुंग्या लागल्या. अंबड शहरात एवढ्या मुंग्या आहेत याची मला कल्पना नव्हती. तिसऱ्या दिवशी उरलेला गूळ म्हशीने संपवला. त्या आठवड्यात दूध वाढल्याचं मावशी आवर्जून सांगून गेल्या. प्रकल्पाचा हा एकमेव नोंद घेण्याजोगा लाभ.

याच सुमारास माजघराची फरशी समतल करताना एक दगड पोकळ वाजला. बळदाचं तोंड. जमिनीखालची धान्याची कोठी. मिस्तरींचा पोऱ्या कंदील घेऊन आत उतरला, आणि बाहेर गल्लीत बातमी त्याच्याही आधी पोचली. आत निघालं काय? भोक पडलेला एक तांब्या आणि युरियाची रिकामी गोणी. म्हणजे आमच्या पूर्वजांचं हे गुपित कोणीतरी रासायनिक खतं आल्यानंतर एकदा उघडून, निराश होऊन, बंद केलेलं होतं.

पण अंबडात हंडा सापडला होता. चहावाल्याने माझे पैसे घेतले नाहीत, म्हणाला, “नंतर बघू, साहेब.” एका गृहस्थांनी कानाशी येऊन दीड हजार होनांचा आकडा सांगितला आणि मी नाही म्हटल्यावर “म्हणजे जास्तच हाय” असं समाधान करून घेतलं. मी घाबरून कायदा उघडला. १८७८ चा इंग्रजांचा गुप्तधन कायदा अजून चालू आहे आणि दहा रुपयांवरचं काही सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. तांब्याला भंगारवाला तीस रुपये देत होता. रात्रभर झोप लागली नाही.

भाऊकीचा ग्रुप मात्र जागा झाला. ज्यांनी वर्षानुवर्षं सूर्योदयही टाकला नव्हता ते वाड्याच्या आठवणी लिहू लागले. पुण्याचा चुलतभाऊ गाडी घेऊन हजर झाला आणि ‘सहज’ बळदात वाकून आला. नंतर एका सकाळी देवघरात कमरेएवढा खड्डा दिसला. “रातीला तिघं आलते,” मावशी म्हणाल्या. “म्हस वरडली म्हून पळाले.” ते कोण, हे मी शोधलं नाही. एखादा ओळखीचा निघाला असता तर नवरात्रात त्याच्या पंगतीला बसणं जड गेलं असतं.

मृग तोंडावर आला. कुठून कुठून जमवलेली पांढरीची एक ट्रॉली वर चढली. मीही चढलो. काम मिस्तरींचं होतं, माझं नव्हतं. मला फक्त माहितीपत्रकासाठी फोटो हवा होता, पुढे माळवद आणि मागे मत्स्योदरीची टेकडी. “साण्याकडं जाऊ नगा,” मिस्तरी म्हणाले. साणं म्हणजे उजेडासाठी माळवदाला ठेवलेलं भोक. ते भोक मला दिसत होतं आणि मी त्याच्यापासून चांगला दोन हात लांब होतो. मात्र भोकाच्या कडेच्या कड्या कुजल्या होत्या, आणि हे मिस्तरींना दिसत होतं. देऊळ चौकटीत बसेना म्हणून मी एक पाऊल मागे सरकलो. उजवा पाय मांडीपर्यंत खाली गेला आणि मी माळवदावर बुद्धिबळातल्या प्याद्यासारखा उभा राहिलो.

वरून मिस्तरी काखेत हात घालून ओढत होते. खाली, माजघरात, कोणीतरी माझा तळवा चाटत होतं. उन्हाचा कडाका म्हणून मावशींनी म्हशीला आत बांधलं होतं. चप्पल तिने खाल्ली. गल्लीतली पोरं, समोरचे दुकानदार, दर्शनाहून परतणारी एक बाई, असे सगळे चौकात जमले आणि खालून लोंबणाऱ्या पायाचं चित्रण झालं. बायकोला फोन जायच्या आधी ते न्यू जर्सीला पोचलं. पुतण्याने लिहिलं, ‘काका, इज दिस अवर वाडा? सो ब्युटिफुल बीम्स.’ पायाबद्दल अवाक्षर नाही.

नडगीला चीर गेली. प्लास्टरमध्ये असताना मी मोबाइलवर बारवांच्या सफाईचे व्हिडिओ पाहत पडलो होतो. रोहन काळे यांनी सुरू केलेल्या महाराष्ट्र बारव मोहिमेमुळे गावोगावची तरुण पोरं गाळाने भरलेल्या बारवा उपसतात, महाशिवरात्रीला पायऱ्यांवर दिवे लावतात. पाचशे-सातशे वर्षांचं दगडी काम पुन्हा उजेडात येतं, तेही झाडू, घमेली आणि रविवारच्या सुटीवर. मला आधी हेवा वाटला, मग उलगडा झाला. बारवेला आत्या नसते. तिच्यात कोणाचा आठ आणे हिस्सा नाही, त्यामुळे तिथे उतरून गाळ काढणाऱ्याला वर उभं राहून कोणी विचारत नाही की भावजी, तुमच्या मनात नेमकं काय आहे. हा विचार मला पाय मोडायच्या आधी सुचता तर बरं झालं असतं, पण माझ्या डोक्यात बहुतेक गोष्टी पायावाटे शिरतात.

त्या वर्षी नवरात्रात अभूतपूर्व गर्दी झाली. देवीला तर होतेच दरवर्षी; आमच्या वाड्यात झाली. पायाच्या व्हिडिओने जे केलं ते माझ्या निवेदनांना जमलं नव्हतं. बंगळूरचा भाऊ मुलांना घेऊन आला. त्याच्या धाकटीने म्हैस पाहून ‘ही आपली का?’ असं विचारलं आणि कोणालाच चटकन उत्तर देता आलं नाही. आत्यांना गाडीतून उतरवून दोघांनी धरून ढाळजेत आणलं. म्हैस उठून बाजूला झाली. आत्या पणजोबांच्या कट्ट्यावर बसल्या, भिंतीवर हात फिरवला आणि या कोनाड्यात काय असायचं, त्या खुंटीला कोणाचं पागोटं, कुठल्या खोलीत कोण जन्मलं, असं सांगत सुटल्या. मी वही काढली नाही. मावशींनी सगळ्यांना पुरेल एवढी भगर-आमटी केली. दूध-दही घरचंच होतं, म्हणजे म्हशीचं.

जेवणानंतर सभा झाली. वाडा पडू द्यायचा नाही, यावर पूर्ण एकमत. विकायचा नाही, एकमत. हॉटेलला सगळ्यांचा मनापासून पाठिंबा, आणि संमतीपत्रावर सही करायला एकही जण तयार नाही. मग आत्यांनीच तोड काढली: पुढच्या पावसाळ्याआधी उरलेल्या माळवदावर चांगली जाड ताडपत्री टाकायची, दोर मावशींच्या मुलाने बांधायचे, आणि खर्च सगळ्या बत्तीस जणांनी सारखा वाटून घ्यायचा. टाळ्या पडल्या. वैकुंठवासी मालकांचा हिस्सा कोणी भरायचा, यावर संध्याकाळपर्यंत चर्चा चालली. ती ग्रुपवर अजून चालू आहे.

ताडपत्री टाकली आहे. निळी आहे. टेकडीवरून स्पष्ट दिसते. आगाऊ पैसे मी घातले. तेव्हा हा लेख वाचणाऱ्यांत आमच्या भाऊकीपैकी कोणी असेल तर त्यांनी कृपया आपले पाचशे रुपये पाठवून द्यावेत. आत्यांचे पहिल्याच दिवशी आले.